टॅगला आवाज हवा

वस्तू माझी, तर तिच्या आत चालणारा कोडही माझा. हे मत माझ्यात इतकं मुरलं होतं की कुणी वाद घातला तर मला आधी त्या माणसाची कीव यायची आणि मग राग. घरातल्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी, कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या फोनवर लिनेजओएस, खोलीतल्या स्मार्ट बल्बमध्ये टास्मोटा. कंपनीने कुलूप घातलं की ते काढायचं, हा आमच्या चार टाळक्यांचा रविवारचा उद्योग. तो मी सोडलेला नाही, सोडणारही नाही. पण ब्लूटूथ टॅगच्या बाबतीत माझं मत बदललं आहे. ते कसं बदललं हे लिहून काढतो, कारण कंपूत सध्या ‘हा म्हातारा झाला’ अशी कुजबुज आहे आणि ती अगदीच खरी नाही.

पांढऱ्या प्लास्टिकचा, थेंबाच्या आकाराचा तो टॅग बहुतेकांनी पाहिला असेल. ऑनलाइन शे-दोनशे रुपयांत मिळतो. किल्लीला अडकवायचा, फोनपासून लांब गेला की फोन बोंब मारतो. बस, एवढंच. किल्ली रिक्षात राहिली आणि रिक्षा हडपसरला निघून गेली की तो टॅग आणि किल्लीला लावलेला गोंडा यांत काही फरक उरत नाही. ब्लूटूथचा आवाका दोन-चार खोल्यांचा.

ॲपलने २०१९ साली यावर जो तोडगा जाहीर केला, तो मला तेव्हाही डोकेबाज वाटला होता आणि आजही वाटतो. टॅगमध्ये जीपीएस नाही, सिमकार्ड नाही. तो फक्त दर थोड्या वेळाने हवेत आपली सार्वजनिक चावी सोडत राहतो. जवळून जाणारा कुठलाही आयफोन ती ऐकतो, स्वतःचं ठिकाण त्याच चावीने कुलूपबंद करतो आणि ॲपलच्या सर्व्हरवर टाकून देतो. उघडायची खासगी चावी फक्त टॅगच्या मालकाकडे. गावाकडे जाणाऱ्या अनोळखी माणसाच्या हाती लाखबंद चिठ्ठी द्यावी, तसं हे आहे: नेणाऱ्याला मजकूर ठाऊक नाही, आणि मधल्या टपालवाल्याला ती कुणाची हेही ठाऊक नाही.

एप्रिल २०२१ मध्ये एअरटॅग आला तेव्हा आपल्याकडे त्याची किंमत होती ३,१९० रुपये, आणि तो वापरायला वर आयफोन हवा. आमच्या कंपूत आयफोन कुणाकडेच नव्हता. असता तर तो माणूस आमच्या कंपूत नसता. पण त्याच्या महिनाभर आधी, मार्चमध्ये, जर्मनीतल्या डार्मश्टाट तांत्रिक विद्यापीठाच्या सीमू प्रयोगशाळेने ओपनहेस्टॅक नावाचा प्रकल्प खुला केला होता. अलेक्झांडर हाइनरिश, मिलान श्टुटे, टिम कोर्नहुबर आणि मथियास होलिक या चौघांनी ॲपलचं सगळं जाळं उलटं सोडवून, ते कसं चालतं ते मांडलं. आणि दाखवून दिलं की कुठलीही ब्लूटूथ चिप ‘मी ॲपलचीच’ असं म्हणू शकते. आयफोन खातरजमा करत नाहीत. ऐकतात आणि कळवतात.

त्यातला एक बारकावा मी भेटेल त्याला सांगत सुटलो होतो, इथेही सांगतो. चावी २८ बाइटची. ब्लूटूथच्या एका जाहिरातीत मावतात ३१ बाइट, आणि त्यातले काही ठरीव मथळ्यातच खर्च होतात, म्हणजे चावी पूर्ण बसत नाही. मग चावीचे पहिले सहा बाइट चक्क उपकरणाच्या पत्त्याच्या जागी घातलेत. पत्ताच चावीचा तुकडा! असली काटकसर पाहिली की मला अजूनही शिट्टी वाजवावीशी वाटते.

मग तोच शे-दोनशेचा टॅग उघडून त्यात आपला कोड का भरू नये? उघडणं सोपं. शिवणीत नख घातलं की कवच सुटतं. आत बटन सेल, एक बझर, एक बटण आणि बोर्डच्या मधोमध चिप. वरून अगदी सारखे दिसणारे दोन टॅग आतून वेगळे निघतात. कधी नॉर्डिकची एनआरएफ५१८२२, कधी एसटी१७एच६६, कधी नाव घासून टाकलेलं काहीतरी. नॉर्डिकची निघाली तर दिवस चांगला. बोर्डच्या मागे चार बारीक पॅड असतात: वीज, जमीन, घड्याळ, डेटा. त्यांना केसासारख्या वायरींनी डाख द्यायचा, दुसरी टोकं पेनड्राइव्हएवढ्या नकली एसटी-लिंक प्रोग्रामरमध्ये खोचायची, लॅपटॉपवर ओपनओसीडी चालू करायचं. मूळ फर्मवेअर, म्हणजे चिपमधला कोड, कुलूपबंद असतं, वाचता येत नाही, पण पुसता येतं. पुसलं की कुलूपही जातं. मग आपलं चढवायचं. पहिल्यांदा पुसण्याची आज्ञा देताना बोट थबकतं, कारण परत जायची वाट नसते. नंतर सवय होते. पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेल्या भिंगाखाली ते पॅड पाहत, श्वास रोखून डाख देण्यात माझ्या कित्येक संध्याकाळी गेल्या आणि त्यांचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

मग तो टॅग सायकलच्या सीटखाली गेला, मित्रांच्या स्प्लेंडर-ॲक्टिव्हांत गेला, एकाच्या गिटारच्या पेटीत गेला. एसटीने कोल्हापूरला पाठवलेल्या पिशवीत टाकून पाहिला तर नकाशावर ठिपके उमटले ते टोलनाक्यावर आणि साताऱ्याच्या स्टँडवर, मधे शुकशुकाट. जिथे आयफोन, तिथे ठिपका. आयफोनवाल्यांच्या बॅटरीवर आणि डेटावर आमच्या सायकली शोधल्या जातायत, याची आम्हाला गंमत वाटायची. श्रीमंतांकडून थोडीशी वसुली, असं आमच्यातला एक म्हणायचा. मीही हसायचो.

डार्मश्टाटवाल्यांनी स्वतःच एक इशारा लिहून ठेवला होता: हे फर्मवेअर कायम एकच चावी सोडतं, त्यामुळे टॅगच्या आसपासचं कुठलंही उपकरण त्याला ओळखून त्याचा माग ठेवू शकतं. मला ते बोचायला लागलं. माझी सायकल दिवसभर तोच आकडा ओरडत फिरणार. कुणी चौकाचौकात एकेक स्वस्त रिसीव्हर लावला तर मी किती वाजता कुठून जातो ते त्याला कळणार. खासगीपणाच्या नावाने कंपन्यांना शिव्या घालणाऱ्या माणसाच्या सायकलवर हे शोभत नव्हतं. म्हणून मी चावी बदलत ठेवणारं फर्मवेअर लिहायला घेतलं. चाव्यांची मोठी यादी आधीच चिपमध्ये भरायची, ठरावीक वेळाने पुढची चावी काढायची, यादी संपली की पुन्हा पहिल्यापासून.

एअरटॅगही चावी बदलतो, पण त्याची पद्धत मला हास्यास्पद वाटायची. मालकाजवळ असताना दर पंधरा मिनिटांनी बदलतो आणि मालकापासून दूर गेला की दिवसातून एकदाच. जिथे जास्त गरज तिथेच ढिलाई! बॅटरी वाचवण्यासाठी केलेली कंजुषी असणार, असं मी ठामपणे सांगायचो. मी माझ्या टॅगमध्ये चावी सतत फिरती ठेवली. बझरला तर हातच लावला नाही. वाजायचं कशाला? एअरटॅग मालकापासून बराच वेळ लांब राहिला आणि हलला की आपणहून वाजतो. सुरुवातीला तीन दिवसांनी वाजायचा, जून २०२१ पासून आठ ते चोवीस तासांच्या मधे कधीतरी. म्हणजे चोरलेल्या सायकलीवरचा टॅग चोरालाच सांगणार की मी इथे आहे. याहून मूर्खपणाचं डिझाइन शोधून सापडणार नाही, असं माझं म्हणणं.

चाचणीला आयफोनवाली व्यक्ती हवी होती. ताईकडे आयफोन आहे. तिला सगळं सांगून जुन्या फर्मवेअरचा, एकाच चावीचा टॅग तिच्या पर्समध्ये टाकला. संध्याकाळी ती कोथरूडला घरी पोचली आणि तिचा फोन आला.

“अरे, अनोळखी टॅग तुमच्यासोबत फिरतोय असं दाखवतोय बघ. आवाज कर म्हणून बटण आहे, मी दाबतेय, पण काहीच होत नाहीये.”

“होणार नाही. तो भाग मी लिहिलाच नाही.”

“मग सापडणार कसा?”

“पर्स रिकामी कर.”

तिने पर्स पलंगावर उलटी केली. चष्म्याचं घर, लोकलचे जुने पास, अर्धी फोडलेली गोळ्यांची पट्टी. टॅग नव्हता. तो मीच ठेवला होता, मला ठाऊक होतं कुठे आहे ते, तरी मी बोललो नाही. मला पाहायचं होतं किती वेळ लागतो. अखेर तो अस्तराच्या उसवलेल्या शिवणीत मिळाला.

मग फिरत्या चावीचा टॅग दिला. ती तो घेऊन ऑफिसला गेली, बाजारात गेली, मैत्रिणीकडे गेली. माझ्या नकाशावर ठिपके सुरेख येत होते. तिच्या फोनवर एक अक्षर नाही. मी जाम खूश. तिला म्हटलं, “बघ, जमलं!” ती म्हणाली, “म्हणजे तू सांगितलं नसतंस तर मला कळलंच नसतं.” मी म्हटलं, “अगं, पण मी सांगितलं ना.” त्यावर ती काही बोलली नाही आणि मीही तेव्हा त्याचा विचार केला नाही. मला कोड साफसूफ करून रीडमी फाइल लिहायची घाई होती.

ती फाइल मी प्रेमाने लिहिली. चावी फिरती असल्याने टॅगचा माग ठेवता येत नाही. टॅग पूर्ण मूक. त्याला अनुक्रमांक नाही, कुठल्याही खात्याशी जोडणी नाही. हे सगळं मी खासगीपणाच्या सदरात घातलं होतं.

आणि मग मित्राच्या ओळखीतल्या एका गृहस्थांचा फोन आला. आवाज मऊ, बोलणं अदबशीर. “सर, तुमचे ते टॅग मिळतील का? तो न वाजणारा. आयफोनलाही कळत नाही म्हणे.” मी विचारलं, कशासाठी? मला वाटलं कार किंवा बुलेट असेल. “मिसेसच्या पर्समध्ये ठेवायचाय. काळजी वाटते हो, दुसरं काही नाही. आणि त्यावर नंबर-बिंबर काही नसतो ना? म्हणजे कुणाचा ते कळत नाही?”

माझी रीडमी फाइलच तो माणूस मला वाचून दाखवत होता. न वाचता. एकेक मुद्दा तोच, त्याच क्रमाने. मी ज्याला खासगीपणा म्हणत होतो, त्यालाच तो लपवाछपवी म्हणून विकत मागत होता, आणि कोडमध्ये त्या दोहोंसाठी वेगळ्या ओळी नव्हत्या. कोडची एकही ओळ न बदलता तो टॅग माझ्या सीटखालून त्याच्या बायकोच्या पर्समध्ये जाऊ शकत होता. मी टॅग संपलेत म्हणून सांगितलं. संपले नव्हते, समोर टेबलावर पडले होते. ‘देणार नाही’ म्हणायला मला तेव्हा शब्द सापडला नाही, कारण का देणार नाही याचं उत्तर माझ्याच तत्त्वज्ञानात बसत नव्हतं. वस्तू त्याची, कोड खुला, मग मी कोण अडवणारा?

पुढचे काही आठवडे मी ॲपलच्या त्या ‘हास्यास्पद’ निर्णयांकडे परत गेलो. मालकापासून दूर असताना चावी दिवसभर तीच का ठेवायची? कारण टॅग कुणाच्या पर्समध्ये लपलेला असेल, तर त्या बाईच्या फोनला ‘हा मघाचाच’ असं ओळखता यायला हवं. पंधरा मिनिटांत चावी बदलली तर तिच्या फोनला दिवसभरात जवळपास शंभर वेगवेगळे टॅग भेटल्यासारखं दिसेल आणि तो गप्प बसेल. म्हणजे तो एक दिवस बॅटरीसाठी नव्हे, त्या तिसऱ्या व्यक्तीसाठी मोकळा ठेवलाय. त्यासाठी मालकाचा खासगीपणा मुद्दाम थोडा कापलाय. चोराला सावध करणाऱ्या आवाजाचं कारणही तेच. टॅगला फोन टेकवला की अनुक्रमांक आणि मालकाच्या फोनचे शेवटचे चार आकडे दिसतात तेही त्यासाठीच. पोलिसांत गेलेल्या बाईच्या हातात निदान एक धागा असतो. माझ्या टॅगमध्ये मी तो धागा नीट शोधून, निपटून काढला होता.

यात मी काही जगावेगळं केलं नव्हतं. पॉझिटिव्ह सिक्युरिटीच्या फाबियान ब्रॉइनलाइन यांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये हेच जाहीरपणे करून दाखवलं होतं: ईएसपी३२ चिप, दोन हजारांवर चाव्या, दर तीस सेकंदांना नवी. संमती दिलेल्या आयफोनधारकाचा पाच दिवस माग घेतला, एकही सूचना आली नाही. त्यांनी ते केलं ते ॲपलची संरक्षणं किती तोकडी आहेत हे दाखवायला. मी तो लेख तेव्हा वाचला होता, आणि माझ्या लक्षात काय राहिलं? चाव्यांची संख्या. डार्मश्टाटच्या प्रयोगशाळेनेही ओपनहेस्टॅक काढलं त्याच वर्षी एअरगार्ड नावाचं ॲप काढलं, अँड्रॉइडवाल्यांना आपल्यामागे टॅग लागलाय का हे कळावं म्हणून. एका हाताने दार उघडलं तर दुसऱ्याने घंटा लावली. मी घंटेकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

गूगलबद्दलही माझं असंच झालं. त्यांचं जाळं एप्रिल २०२४ मध्ये अमेरिका-कॅनडात सुरू झालं ते उशिराने, कारण आयफोनमध्ये अनोळखी टॅगची सूचना येण्याची सोय दृष्टिपथात येईपर्यंत ते थांबले होते. ती सोय प्रत्यक्षात मे २०२४ मध्ये आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हीकडे आली. वर त्यांच्या जाळ्यात, मूळ सेटिंगमध्ये, अनेक फोनांनी टॅग पाहिल्याशिवाय ठिकाण कळवलं जात नाही. रस्त्याकडेला पडलेली किल्ली त्यामुळे सापडत नाही, आणि त्यावरून मी गूगलची मनसोक्त टिंगल केली आहे. आता करत नाही. एकट्यादुकट्या घरापाशी, एकट्या फोनजवळ असलेला टॅग हाच बहुधा घातक टॅग असतो.

राउटर आणि टॅग यांत मी जो फरक पाहिला नव्हता, तो आता मला उघड दिसतो. राउटरवर मी काहीही चढवलं तरी ते माझ्या घरात चालतं, फार तर माझंच इंटरनेट बंद पडतं. टॅगचं तसं नाही. प्लास्टिक माझं, सेल माझा, पण टॅगचं सगळं काम करतात ते परके फोन, ज्यांच्या मालकांना मी काही विचारलेलं नाही. आणि माग निघतो तो वस्तूचा नाही, ती वस्तू ज्याच्याजवळ आहे त्याचा. ‘माझी वस्तू’ हा युक्तिवाद टॅग माझ्या सायकलच्या सीटखाली असेपर्यंतच टिकतो.

कंपूतल्या मित्राला हे पटत नाही. तो म्हणतो, तू दिलं नाहीस तर दुसरा देईल. ईएसपी३२ कुणीही विकत घेतो. त्याच्याकडे मुद्दाही आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या संशोधकांनी एनरूटटॅग नावाचा हल्ला जाहीर केला. त्यात चिपवर फर्मवेअर मारायचीही गरज नाही. समोरच्याच्या लॅपटॉप-फोनचा जो ब्लूटूथ पत्ता आहे, त्याला जुळेल अशी चावी ग्राफिक्स कार्डांच्या ताकदीवर शोधून काढायची, त्या उपकरणात घुसवलेल्या प्रोग्रामकडून ती हवेत सोडायची, आणि त्याचंच उपकरण त्याचा टॅग होतं. यश नव्वद टक्के. पत्ता म्हणजे चावीचा तुकडा, ज्या काटकसरीवर मी फिदा होतो तीच इथे उलटली. मित्र म्हणतो, एवढं सगळं उघड्यावर असताना तुझ्या चार टॅगांनी काय होणार?

होणार काहीच नाही. पण त्या गृहस्थांना चिप कळत नव्हती, ओपनओसीडी कळत नव्हतं, डाख देता येत नव्हता. त्यांना आयता टॅग हवा होता, आणि असे मागणारेच जास्त असतात. ज्याला स्वतः कष्ट करून करता येतं त्याला मी थांबवू शकत नाही हे मान्य. ज्याला येत नाही त्याचे कष्ट मी का वाचवायचे?

फिरत्या चावीचा कोड मी सार्वजनिक केला नाही. पुसलाही नाही, माझ्या डिस्कवर आहे. पुसून टाकला असता तर गोष्ट म्हणून बरी दिसली असती, पण त्यात शिकण्यासारखं पुष्कळ आहे. सायकलला पुन्हा एकच चावी सोडणारा टॅग लावला. चौकाचौकात रिसीव्हर लावणारा तो काल्पनिक माणूस माझा माग काढणार असेल तर काढो. मित्रांना टॅग करून देतो अजून, पण आता बझर जोडून: ठरावीक तास एका जागी पडून मग हलला की वाजतो. चोराला कळेल, हो. मित्र कुरकुर करतात, एकाने तर घरी जाऊन बझरची वायर कापली. त्याला पुढचा टॅग दिला नाही.

एक गोष्ट मात्र मला स्वतःलाच चमत्कारिक वाटते. ॲपलने उद्या बाहेरचे टॅग ओळखून त्यांना जाळ्यातून हाकललं, तर माझ्या सायकलवरचा टॅग मरेल, आणि पाच वर्षांपूर्वी मी त्यावर रान उठवलं असतं. आता उठवणार नाही. हे त्यांना सोपं नाही, तेही समजतं: खरा टॅग कोणता हे तपासायचं तर टॅगने कसली तरी ओळख दाखवायला हवी, आणि ओळख दाखवली की ज्या निनावीपणावर हे जाळं उभं आहे त्यालाच तडा जाणार. यातून वाट कशी काढायची यावर मी आणि मित्र दर रविवारी भांडतो. त्याचं म्हणणं, तडा गेला तर जाऊ दे पण कंपनीच्या हाती कुलूप नको. माझं म्हणणं, आधी ताईच्या फोनला कळू दे.